पाताळाची सहल आणि धुक्याचं बटण

पृथ्वीच्या पोटात जाऊन यायला हल्ली वीस मिनिटं पुरतात. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे आणि बटण दाबायचं. सीतामाईसाठी दुभंगली होती तशी धरणी तुमच्यासाठीही दुभंगते. भूकवच पटकन मागे पडतं, मग बराच वेळ नारिंगी प्रावरण, त्यात वर चढणारे लाल खांब आणि खाली बुडणारे निळे पडदे, मग पिवळाधमक बाह्यगाभा आणि सगळ्यात शेवटी तापून पांढरा झालेला लोखंडाचा गोळा. परत वर आलं की विद्यार्थी हेडसेट काढून कपाळ पुसतात आणि म्हणतात, "ऑसम!" अमेरिकेत चांगल्या सँडविचपासून चांगल्या चक्रीवादळापर्यंत सगळं ऑसमच असतं, त्यामुळे त्यावरून फारसं काही कळत नाही.

अशा सहली तयार करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मी भूशास्त्रज्ञ नाही. पुण्यात मेकॅनिकल केलं, इकडे येऊन द्रवांच्या प्रवाहाच्या आकडेमोडीत डॉक्टरेट केली आणि आता एका विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात रिसर्च इंजिनिअर आहे. रिसर्च इंजिनिअर म्हणजे पंगतीतला वाढपी. स्वयंपाक प्राध्यापकांचा, जेवणारे विद्यार्थी, आणि मीठ कमी पडलं की हाक मला. पण कोण पानात काय टाकून उठलं ते वाढप्याला बरोबर दिसतं.

मला दिसलेली गोष्ट अशी. सहल संपल्यावर मी सहज विचारतो, "प्रावरण घन की द्रव?" बरेच जण 'द्रव' म्हणतात. शाळेत 'घन' असं बरोबर शिकून आलेले काही जणसुद्धा वीस मिनिटांनंतर 'द्रव' म्हणायला लागलेले असतात. का नाही म्हणणार? आत्ताच तर त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी उकळताना पाहिलं!

प्रावरण घन आहे. पायाखाली साधारण सात ते चाळीस किलोमीटरवर ते सुरू होतं आणि २८९० किलोमीटरपर्यंत जातं, आणि जवळजवळ सगळंच्या सगळं घट्ट दगड आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी फक्त घन पदार्थातून जातात आणि त्या प्रावरणातून आरामात जातात, हा त्याचा साधा पुरावा. तो दगड सरकतो हेही खरं, पण वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्या वेगाने. पडद्यावर आम्ही काय करतो? एका सेकंदात एक कोटी वर्षं पळवतो. तेवढ्या वेगाने पळवलं तर डोंगरसुद्धा रवीखालच्या ताकासारखा घुसळताना दिसेल. बरं, रंगाचं म्हणाल तर वरच्या प्रावरणाचा दगड हातात घेतला तर चक्क हिरवा असतो, कारण त्यात ऑलिव्हीन हे हिरवं खनिज भरपूर असतं. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकापासून ते आमच्या हेडसेटपर्यंत सगळीकडे तो नारिंगी. (खाली खरोखर जाता आलं असतं तर काहीच दिसलं नसतं म्हणा. दगडाच्या आत डोळे उघडून काय दिसणार?)

आता तुम्ही म्हणाल, चित्रच आहे ते, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. मानवी शरीराच्या चित्रातही रोहिणी लाल आणि नीला निळी दाखवतात, म्हणून कुणी आपलं रक्त निळं समजत नाही. इथेच माझं म्हणणं थोडं वेगळं आहे.

आभासी सहली आता सगळ्याच विषयांत झाल्या आहेत. २०२० साली कोविडने कॉलेजं बंद पाडली तेव्हा भूशास्त्राच्या क्षेत्रभेटी रातोरात संगणकावर आल्या. ज्या मुलांना चालता येत नाही, डोंगर चढता येत नाही, त्यांच्यासाठी ते चांगलंच झालं आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण ग्रँड कॅन्यनची आभासी सहल चुकली तर कुणीतरी खरा ग्रँड कॅन्यन पाहिलेला असतो. तो म्हणतो, "अहो, हा थर इथे नाही, तिकडे आहे." शरीराचं चित्र चुकलं तर शवविच्छेदन आहे. पृथ्वीच्या अंतर्भागाबद्दल असं सांगणारा कुणी नाही. तिथे कुणी गेलेलं नाही आणि जाणार नाही. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक म्हणजे रशियातलं कोला. १९७० साली खोदायला सुरुवात केली, १९८९ साली १२,२६२ मीटरला पोचले आणि तिथे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त उष्णता, साधारण १८० अंश सेल्सिअस, लागल्यावर थांबावं लागलं. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. पृथ्वी एका मोठ्या फणसाएवढी धरली तर एकोणीस वर्षांत एका काट्याचं टोक जेमतेम खरवडून झालं. गरे लांबच राहिले.

म्हणजे आमच्या चित्राला पडताळून पाहणारं बाहेर काहीच नाही. ज्या जागेची खोटी सहल पकडलीच जाऊ शकत नाही, त्या जागेची सहल बांधणाऱ्याने जास्त प्रामाणिक असायला हवं. इतकाच माझा मुद्दा आहे आणि यावरून आमच्या विभागात वर्षभर कुरबुर चालू आहे.

आम्हाला अंतर्भागाची माहिती मिळते ती लहरींवरून. कुठेतरी भूकंप होतो, त्याच्या लहरी पृथ्वीतून आरपार जातात आणि दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर नोंदल्या जातात. (अगदी केंद्रातून पलीकडे जायला प्राथमिक लहरीलाही वीसच मिनिटं लागतात. आमच्या सहलीएवढीच!) लहर अपेक्षेपेक्षा दोन सेकंद उशिरा आली तर वाटेत तिला कुठेतरी संथ जागा लागली असणार. अशा लाखो नोंदी एकत्र करून संथ जागा कुठे, जलद जागा कुठे याचा नकाशा करायचा. हॉस्पिटलातल्या सीटी स्कॅनचाच हा भाऊ, फक्त इथे किरण कुठून सोडायचे ते आपल्या हातात नसतं. संथ ते लाल, जलद ते निळं, असा रंगांचा रिवाज पडला आहे. आफ्रिकेच्या खाली आणि प्रशांत महासागराच्या खाली, प्रावरणाच्या तळाशी, खंडाएवढे दोन मोठे लाल ढिगारे दिसतात. हेडसेटमध्ये त्यांच्याजवळ गेलं की धडकी भरते, जणू वणवाच पेटलाय. प्रत्यक्षात फरक किती? दुय्यम लहरी तिथे सेकंदाला ७.२ किलोमीटर जायच्या, त्या या ढिगाऱ्यात साधारण ७ किलोमीटर जातात. दोन-तीन टक्के! आणि ते ढिगारे नुसते जास्त गरम आहेत की मुळातच वेगळ्या दगडाचे आहेत, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. लाल रंगाने मात्र परस्पर निकाल देऊन टाकलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. भूकंप ठरावीक पट्ट्यांत होतात आणि यंत्रं बहुतेक जमिनीवर असतात. त्यामुळे पृथ्वीच्या पोटातले काही भाग लहरींनी पिंजून काढलेले आहेत, तर दक्षिणेकडच्या महासागरांखालच्या काही भागांतून मोजक्याच लहरी गेल्या आहेत. पहिल्या भागाबद्दल आपल्याला बरंच माहीत आहे, दुसऱ्याबद्दल थोडंच. गणित मात्र दोन्हीकडे आकडा काढून देतं आणि पडदा दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत रंग भरतो. दोन वेगवेगळ्या गटांचे नकाशे शेजारी ठेवले तर ते दोन मोठे ढिगारे दोन्हीत असतात, पण बारीक तपशिलात दोघांची तोंडं दोन दिशांना. आपल्या सह्याद्रीचंच बघा. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वर आला आणि त्याचं मूळ आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्तंभात होतं असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तो स्तंभ खाली कुठून कसा येतो ते पाहायला गेलात तर नकाशागणिक त्याचा आकार बदलतो.

म्हणून मी सहलीत धुकं घातलं. ज्या ठोकळ्यातून भरपूर लहरी गेल्या तो ठळक, जिथून कमी गेल्या तो धूसर, जिथून जवळजवळ गेल्याच नाहीत तिथे नुसतं पांढरं. तांत्रिकदृष्ट्या तीन दिवसांचं काम. झालं काय, की अर्धं पाताळ महाबळेश्वरच्या जुलैसारखं दिसायला लागलं. एक प्राध्यापक बघून खूश झाले, म्हणाले, हे चित्र पंचवीस वर्षांपूर्वी पाहिजे होतं. दुसऱ्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे घालवता येतं का?" पुढच्या आठवड्यात देणगीदार पाहुणे यायचे होते. त्यांना धुकं दाखवून पैसे कसे मागायचे, हा त्यांचा प्रश्न, आणि तो काही अगदीच गैरवाजवी नाही. मग तडजोड म्हणून बटण आलं. आता वाद फक्त एवढाच उरलाय की सहल सुरू होताना धुकं चालू असावं की बंद. सध्या ते बंद असतं. ते बटण आहे हे किती विद्यार्थ्यांना माहीत आहे ते विचारू नका.

धुकं नको म्हणणाऱ्यांची बाजू मांडायलाच हवी, कारण ती माणसं माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त शिकवत आहेत. ते म्हणतात, पहिल्या वर्षाच्या पोराला आधी विषयाची ओढ लागू दे, शंकाकुशंका दुसऱ्या वर्षी. आपणही ज्यूल व्हर्न वाचून वेडे झालोच होतो ना? खरं आहे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला नसता तर आमच्या पिढीतले कित्येक जण इकडे वळलेच नसते. पण व्हर्न ही गोष्ट आहे हे आम्हाला आठव्या वर्षीही ठाऊक होतं. शिवाय 'दुसऱ्या वर्षी' हे उत्तर अमेरिकेत तर चालतच नाही. इथे पहिल्या वर्षीचा भूशास्त्राचा वर्ग भरतो तो मुख्यतः दुसऱ्याच विषयांच्या मुलांनी. कुणाला वकील व्हायचंय, कुणाला बँकेत जायचंय, विज्ञानाचा एक विषय घेणं सक्तीचं म्हणून ते दगडांकडे येतात. त्यांचं दुसरं वर्ष कधी उजाडतच नाही. पाताळाचं जे चित्र ते आमच्याकडून घेऊन जातात, तेच त्यांना जन्मभर पुरतं. जमिनीला भेग पडून वाफ आली की 'खाली सगळीकडे लाव्हाच आहे' असं म्हणत घाबरणारी शहाणी माणसं आपल्याकडेही आहेत आणि इकडेही. त्यांच्या डोक्यातलं ते चित्र कुठून तरी आलेलं असतंच.

याचा अर्थ मी या उद्योगाला मोडीत काढतोय असं नाही. (मोडीत काढून खाणार काय?) आभासी सहल खरोखर कुठे कामाला येते तेही सांगतो.

रिचर्ड ओल्डहॅम नावाचा एक इंग्रज आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला होता. १२ जून १८९७ला आसामात भयंकर भूकंप झाला. त्याच्या दूरदूरच्या नोंदी तपासताना त्याने लहरींचे तीन वेगळे प्रकार ओळखले, आणि पुढे १९०६ साली, लहरी पलीकडे उशिरा का पोचतात यावरून, पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे दाखवलं. गाभा लहरींना आत वाकवतो, त्यामुळे भूकंपापासून साधारण १०४ ते १४० अंशांवरच्या गावांना थेट प्राथमिक लहर मिळत नाही. तिथे सावली पडते. फळ्यावर हे शिकवताना वर्तुळात वाकड्या रेघा मारतात आणि मुलांना वाटतं सावली म्हणजे डावीकडे एक नि उजवीकडे एक असे दोन तुकडे. हेडसेटमध्ये मात्र मुलगा गाभ्याजवळ उभा राहतो, हवा तिथे भूकंप घडवतो, लहरी चहूकडे फाकतात, आणि डोक्यावरच्या भूपृष्ठावर सावलीचा अख्खा पट्टा बांगडीसारखा उमटतो. हे फळ्यावर होणे नाही. मग त्याला त्या पट्ट्यातल्या यंत्रांवर पाठवायचं. तिथे काहीच यायला नको, तरी बारीकशी लहर आलेली दिसते. का? इंगे लेमान या डॅनिश बाईंना १९२९च्या न्यूझीलंडच्या भूकंपानंतर हाच प्रश्न पडला होता. त्यांनी त्यावरून १९३६ साली गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचं मांडलं. त्या शोधनिबंधाचं शीर्षक होतं एक अक्षर आणि एक स्वल्पचिन्ह : 'पी प्राइम'. हेडसेट, संगणक काही नाही, नुसत्या कागदावरच्या नागमोडी रेघा. मुलाने स्वतः ती बारीक लहर ओळखली, वेळ मोजली, आणि मगच त्याच्यासमोर तो आतला गोळा उगवला, तर ती सहल त्याच्या अंगी लागते. आयता गोळा दाखवणं म्हणजे गणिताच्या पुस्तकात मागची उत्तरं आधी वाचणं.

गंमत म्हणजे या क्षेत्रातल्या पहिल्या माणसांना हे चांगलं ठाऊक असावं. १९९२ साली इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेत कॅरोलिना क्रूझ-नेरा, डॅनियल सँडिन आणि टॉम डिफँटी यांनी भिंतींवर त्रिमित चित्रं पाडणारी खोली बांधली आणि तिचं नाव ठेवलं 'केव्ह', म्हणजे गुहा. त्यात प्लेटोच्या गुहेचा संदर्भ होता : भिंतीवरच्या सावल्यांनाच जग समजणारे कैदी. पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात लुईझ केलॉग या प्रावरणाच्या अभ्यासक बाईंच्या पुढाकाराने भूशास्त्रासाठी अशी गुहा उभी राहिली. त्या २०१९ साली गेल्या. त्यांच्याकडे त्रिमित चित्र हे संशोधनाचं हत्यार होतं, आत शिरून आपल्याच नकाशातल्या खोडी शोधायचं. विद्यार्थ्यांपर्यंत येता येता त्या हत्याराची जत्रेतली पेटी झाली.

मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "आपल्याकडे हे कधी येणार?" प्रश्न विचारणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे हेडसेटने भरलेली प्रयोगशाळा असते, उद्घाटनाला मंत्री, फीत, पेढे. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. हेडसेट घेऊ नका. दर तीन वर्षांनी ते म्हातारे होतात. गूगलने पुठ्ठ्याच्या चष्म्यातून शाळांना जगभर फिरवणारी 'एक्स्पीडिशन्स' काढली आणि २०२१ साली बंदही केली. त्यावर बांधलेले शिक्षकांचे पाठ बसले तिथेच. त्याउलट २००१च्या सुमारास इकडे 'जिओवॉल' नावाचा जुगाड निघाला होता : दोन प्रोजेक्टर, दोन ध्रुवक काचा, एक विशिष्ट पडदा, साधा संगणक आणि कागदी चष्मे. दहा हजार डॉलरच्या आत अख्खा वर्ग एकदम पाताळात. मुख्य म्हणजे सगळे एकाच चित्राकडे बघत भांडू शकायचे. हेडसेटमध्ये जो तो एकटा. आज तेच काम एक बरा लॅपटॉप आणि लाल-निळे चष्मे करतील.

आणि माल तर फुकट आहे. जगभरच्या भूकंपलेखकांच्या नोंदी आयरिस ही संस्था वर्षानुवर्षं मोफत देत आली. २०२३ साली ती अर्थस्कोप नावाच्या संस्थेत विलीन झाली, तरी नोंदी मिळतातच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या मंडळींनी प्रावरणात बुडालेल्या ९४ समुद्रतळांचा नकाशासंग्रह २०१८ साली छापला. त्याचं नाव मराठीत करायचं तर 'पाताळाचा नकाशासंग्रह' असंच करावं लागेल. भारत उत्तरेला सरकला तेव्हा जो टेथिस समुद्र मिटला, त्याचा तळ आज आपल्याच पायांखाली खोलवर उभा-आडवा पडला आहे. नगरच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातल्या मुलीला ते बघायला अमेरिकेत यायची गरज नाही.

शिवाय महाराष्ट्राकडे एक गोष्ट अशी आहे जी आमच्या विभागाकडे नाही. कोयना. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर तिथे धक्के बसतच राहिले, आणि ते मुळापाशी जाऊन समजून घ्यावेत म्हणून २०१६-१७ मध्ये तिथे तीन किलोमीटर खोल चाचणी-विहीर खोदली गेली. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळाच आहे. वरून आधी सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट लागला आणि त्याखाली एकदम जुना ग्रॅनाइट आणि नाइस. मुरुड-जंजिऱ्याकडे लाव्हाबरोबर खोलातले दगड अडकून वर आले आहेत, ते हातात घेऊन बघता येतात. म्हणजे खाली काय असेल याचा वरून बांधलेला अंदाज आणि खाली प्रत्यक्ष सापडलेला दगड, दोन्ही एकाच राज्यात. पडताळा घेता येईल अशी पाताळाची सहल बांधायची तर याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

मुलांनी आधी वरून मोजमाप करून बसाल्टची जाडी सांगायची, ती लिहून द्यायची, आणि मगच विहिरीत उतरायचं. कुणी ही सहल मराठीत करणार असेल तर शनिवार-रविवार मी प्रोग्राम लिहायला बसेन, फुकट. अट एकच : विहिरीच्या तळाखाली धुकं ठेवायचं आणि ते घालवायचं बटण द्यायचं नाही.